स्वीकारू नको, असं वर लिहिलं होतं

बारेरो दास पेद्रास,
मंगळवार, २१ ऑगस्ट २००७

प्रिय झेनाइदेताई,

वाकून नमस्कार. धाकट्या भावाने आशीर्वाद मागायचा आणि थोरल्या बहिणीने तो द्यायचा ही आपल्या घरची पद्धत, म्हणून मागून ठेवतो. द्यायचा की नाही ते तू ठरव, मी तगादा लावणार नाही. तुझी तब्येत बरी असेल. लागोआ ग्रांदेची हवा कोरडी आहे म्हणतात, ती तुझ्या सांध्यांना मानवली असेल. दात कसे आहेत? (हे खोडायला हवं. दोन वर्षांची सवय, हात आपोआप लिहून गेला. पण घरात एवढेच चार कागद उरलेत, तेव्हा राहू दे. नाहीतरी तुझ्या दातांची हकिकत आता सगळ्या गावाला माहीत आहे, आणि ती कुणामुळे माहीत झाली तेही माहीत आहे.) जुवेन्सिओ यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो घेतला नाही तरी सांग.

हे पत्र तू न वाचता फाडशील ही भीती आहे, म्हणून रजिस्टरने पाठवतो आहे. सही करून घ्यावं लागलं की माणूस निदान पाकीट फोडतं, असा माझा चौतीस वर्षांचा अनुभव. मी आता त्या खात्यात नाही, पण खात्यावरचा विश्वास गेलेला नाही. माझ्यावरचा लोकांचा गेला, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच. चुलीशी बोलते. सकाळी चुलीला सांगते, "पोस्टमास्तरसाहेबांना म्हणावं कॉफी झालीय." मग मी चुलीला सांगतो की आलोच. गेले पाच आठवडे चूलच आमच्या दोघांच्या मध्ये पडली आहे, नाहीतर मी उपाशी मेलो असतो. (मेलो असतो तर फार बिघडलं नसतं, असं चुलीचंही मत असावं.)

ताई, मुद्द्यावर यायची मला लाज वाटते, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो. तू हसशील, पण मला सांगू दे. चौतीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसलो. कुणाचं पत्र कुणाला, कुठून, महिन्यातून किती वेळा, सगळं या डोळ्यांखालून गेलं. एकाही माणसाला एक अक्षर बोललो नाही. आपले नोटरी वारले, त्यांना दर महिन्याला साल्वादोरहून अत्तराचा वास मारणारं निळं पाकीट यायचं. प्रेत अजून घरात, आणि त्यांच्या बायकोने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "बेलार्मिनो, खरं सांग, ती कोण होती?" मी म्हटलं, "बाई, पोस्टात आम्हाला वास येत नाही." तिने माझ्या मुस्कटात मारली, आणि नंतर वर्षभराने घरची पेरूची वडी पाठवली. हा मी. निरोपसमारंभात पाद्रीबाबा म्हणाले होते की गावात पापं ऐकून गप्प बसणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरा बेलार्मिनो. त्या वाक्यावर मी दोन वर्षं जगलो.

पण निवृत्त माणसाला वाक्यावर किती दिवस काढता येणार? तुला आठवत असेल, पहिले चार महिने मी सकाळी आठला दाढी करून, बूट घालून ओट्यावर बसायचो. येणारं जाणारं माणूस म्हणायचं, "काय मास्तर, बरंय ना?" आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही. खिडकीवर रांग असायची तेव्हा मला त्या रांगेचा वैताग यायचा. (ताई, मी पाच वाजता खिडकी लावायचो ती सेकंदावर. लावताना समोर कोण उभं आहे हे बघत नसे. बघितलं असतं तर लावली नसती.) आता रांग नव्हती आणि पाच वाजलेले कळतच नव्हते. तू बघत होतीस सगळं. म्हणूनच तू मला धरून वांदेर्लेयाच्या गॅरेजातल्या सायबर कॅफेत नेलंस आणि ऑर्कुटवर माझं पान उघडून दिलंस. तुझा हेतू चांगला होता, मी तुला अजिबात दोष देत नाही. (थोडासा दिला होता, पहिल्या आठवड्यात. परत घेतो.)

त्यात एवढं काय ठेवलंय, असं आई विचारायची. मी काय सांगू? पहिल्या दिवशी पान उघडलं तर माझं नाव, माझा फोटो (तोच, खात्याच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी कुणाला तरी 'उद्या या' म्हणतोय असा दिसतो), आणि खाली तुम्हाला मित्र शून्य. दुसऱ्या दिवशी एक, म्हणजे तू. आठवड्याने त्र्याण्णव! ताई, रस्त्यावर ज्यांनी मला ओळख दिली नसती त्या त्र्याण्णव माणसांनी 'होय, हा माझा मित्र' असं सगळ्या जगासमोर कबूल केलं. सोमवार उजाडला की फिलोमेनाबाईचं चित्रातलं चमचमतं मांजर यायचं, त्याच्या पोटावर 'शुभ सप्ताह' आणि बाजूने गुलाब पडताहेत. चर्चच्या गायनात माझ्या पुढच्या रांगेत वीस वर्षं उभी राहून जिने एकदा मान वळवली नाही, ती बाई मला मांजर पाठवते! मी ते मांजर चार वेळा बघितलं. मग मलाही पाठवावंसं वाटलं. मी कुत्रा पाठवला.

आणि तिथे लोक तुम्हाला गुण देतात, ते तर मी कुणाला सांगितलंच नाही. विश्वासू किती, झकास किती, मोहक किती. विश्वासूला हसरे चेहरे, झकासला बर्फाचे खडे आणि मोहकला बदाम. मला विश्वासूचे तिन्ही चेहरे पूर्ण मिळाले होते, ते अपेक्षितच होतं. पण बदाम दीड! कुणीतरी या गावात मला दीड बदाम मोहक समजत होतं. कोण, ते तिथे सांगत नाहीत. दोन दिवस मी बेकरीच्या रांगेत एकेका बाईकडे बघून अंदाज बांधत होतो, इतका की बेकरीवालीने विचारलं, "मास्तर, काही हरवलंय का?" वय त्रेसष्ट, ताई. दीड बदामासाठी मी केस मागे वळवायला लागलो होतो.

मग ती मंडळं. लोक तिथे मंडळं काढतात, 'मला सोमवार आवडत नाही', 'माझी आई हाका मारते तेव्हा माझं पूर्ण नाव घेते', असली. एक दिवस मला आपल्या गावचं एक मंडळ सापडलं: 'पाच वाजता तोंडावर खिडकी लावणारा तो पोस्टमास्तर'. सभासद एकशे अठरा. मी वाचत गेलो. कुणाची फॉर्मची शेवटची तारीख गेली, कुणाला मी 'शाई निळी नको, काळी हवी' म्हणून तीनदा परत पाठवलं, सगळं तारीखवार. मला राग यायला हवा होता. पण मला काय वाटलं सांगू? एवढी माणसं माझी आठवण काढत होती. मी एकशे एकोणिसावा सभासद झालो.  मग मी स्वतःच लिहिलं की शाईचा नियम मला स्वतःलाही पटत नव्हता. त्यावर बहात्तर उत्तरं आली! गेल्या वर्षी त्या मंडळात सगळ्यांत जास्त कुणी लिहिलं असेल तर मी. लोक रस्त्यात थांबून बोलायला लागले. परत एकदा रांग लागली, ताई. खिडकी नव्हती एवढंच.

आता मुख्य गोष्ट. तिथे सगळं उघड्यावर असतं, तुला ठाऊकच आहे. एकाने दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिलं की सगळं गाव वाचतं. म्हणून आपल्या लोकांनी ती युक्ती काढली (तूच शिकवलीस मला): गुपित सांगायचं असेल तर ते प्रशस्तिपत्र म्हणून पाठवायचं. मित्राने मित्राची स्तुती करायची म्हणून ते प्रशस्तिपत्र असतं, पण ते आधी ज्याचं त्याला दिसतं, आणि त्याने 'स्वीकार' दाबल्यावरच त्याच्या पानावर लागतं. न दाबलं तर कुणाला कळत नाही. तेव्हा वर मोठ्या अक्षरांत लिहायचं 'स्वीकारू नको', खाली पाहिजे ते लिहायचं, वाचणाऱ्याने वाचून नकार द्यायचा. अर्ध्या देशाची लफडी, उसनवाऱ्या आणि पाककृती या वाटेने जातात म्हणे. मला ही युक्ती फार आवडली होती. पाकीट बंद, आणि खात्री फक्त माणसाची.

शनिवार, चौदा जुलै. तू लागोआ ग्रांदेला होतीस, 'अक्कलदाढ काढायला'. चारच्या सुमारास मी वांदेर्लेयाच्या गॅरेजात दोन नंबरच्या यंत्रावर तासाचं टोकन घेऊन बसलो. तुझं आलं होतं. वर 'स्वीकारू नको', तीन उद्गारचिन्हं. खाली सगळं. की दातांचा डॉक्टर नाहीच. दोन वर्षं एक आड एक गुरुवारी दहाची बस धरून तू जातेस ते ज्येष्ठांच्या मंडळात फोर्रो नाचायला. तिथे जुवेन्सिओ ॲकॉर्डियन वाजवतात, बाकीच्या दिवशी दुरुस्त करतात, सात वर्षांपूर्वी बायको गेली, माणूस भला आहे, आणि डिसेंबरात तुम्ही लग्न करताय. आणि ही गोष्ट आठ सप्टेंबरला, आईच्या नव्वदाव्या वाढदिवशी, तू स्वतः तिच्या पायाशी बसून तिला सांगणार आहेस. 'तिने ती माझ्या तोंडून ऐकावी, दुसऱ्या कुणाच्या नाही,' असं लिहिलं होतंस. तुझं पहिलं लग्न बाबांनी परस्पर ठरवून आईला सांगितलं होतं, हेही लिहिलं होतंस. मला ते माहीत नव्हतं.

आणि ते मी स्वीकारलं.

कसं, ते सांगतो. चष्मा घरी राहिला होता. (मग वाचलं कसं, असं विचारू नकोस. नाक पडद्याला लावून वाचलं.) 'स्वीकार' आणि 'नकार' ही दोन बटणं एकमेकांना चिकटून असतात, खात्यात असा फॉर्म कुणी छापला असता तर मी तो परत पाठवला असता. उंदीर म्हणतात ते यंत्र माझ्या बोटाला घाम आला की घसरतं. घसरलं. बघतो तर तुझं पत्र माझ्या पानावर लागलेलं, स्वीकारू नको सकट. मी ते काढायला जातो तोच तास संपला आणि पडदा काळा झाला. वांदेर्लेयाचं यंत्र तास भरला की आपोआप कुलूप लावून घेतं आणि एक नारळाचं झाड दाखवतं.

मी ओरडलो, "वांदेर्लेया, दोन मिनिटं दे!" ती वहीत बघून म्हणाली, "रांग आहे, मास्तर." मी म्हटलं, "बाई, एक मिनिट, जिवाचा प्रश्न आहे." तेव्हा ती खुर्चीवरून उठलीसुद्धा नाही. "माझ्या बापाचा पेन्शनचा फॉर्म घेऊन मी तुमच्या खिडकीशी उभी होते," ती म्हणाली, "पाचला एक मिनिट होतं. तुम्ही माझ्याकडे बघून कडी लावलीत." ताई, ती बघून म्हणाली. मी तुला वर लिहिलं की मी बघत नसे. बघत असे.

आणि रांगेत पुढचा नंबर कुणाचा? फिलोमेनाबाई. माझ्या खुर्चीची ऊब जायच्या आत ती बसली. पदर सारखा केल्यासारखी तिने शाल सारखी केली, आणि तिचा नेम आहे म्हणे, दुसऱ्यांची पानं उघडायची ती शेजारच्यापासून सुरू करायची. मी तिच्या पाठीशी उभा. मी म्हणालो, "बाई, आधी तुमची मांजरं बघा ना." ती म्हणाली, "अगं बाई, मास्तर, तुम्हाला प्रशस्तिपत्र आलं!" आणि वाचायला लागली. मोठ्याने. तिचा आवाज गायनातला, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. बाकीच्या तीन यंत्रांवरच्या लोकांनी ते बंदूकबाजीचे खेळ थांबवले. 'फोर्रो'पाशी आली तेव्हा तिने श्वास घेतला, आणि पुढचं एका दमात. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पळावं तर दाराशी सायकली. त्या दिवशी माझा नंबर पुन्हा लागला नाही, रविवारी सायबर कॅफे बंद. सोमवारी आठ वाजता मी ते पुसलं तेव्हा बेकरीतले लोक ते पाठ म्हणत होते.

गावाचा राग तुझ्यावर नाही, हे तुला कळवायला हवं. तसा आहे, पण लग्नाचा नाही, नाचाचा नाही. लापशीचा आहे. दोन वर्षं फिलोमेनाबाई तुला त्या प्रत्येक गुरुवारी रात्रीच्या जेवणाला मक्याची लापशी पाठवत होती, बेकरीवाली दुधात भिजवलेला पाव, पाद्रीबाबांची बहीण भोपळ्याचं सार. आणि तू सगळ्यांसमोर पेरूच्या वडीला 'नको बाई, ठणकतंय' म्हणत गाल धरायचीस. फिलोमेनाबाई चौकात म्हणाली, "नाचते तर नाचू दे, मी काय नको म्हटलं होतं? पण मी कणसं किसली गं! बोटं सोलवटली माझी!" तुझे नाचाचे पाय त्यांनी माफ केलेत. दात माफ करायला वेळ लागेल.

तुझं उत्तर सोमवारी दुपारी आलं. माझ्या भिंतीवर, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं: 'पोस्टमास्तरसाहेब, पत्र पोहोचलं.' एवढंच. आणि संध्याकाळी माझे मित्र एकशे चाळीसचे एकशे एकोणचाळीस झाले. मला मोजायची गरज नव्हती, कोण गेलं ते दिसलंच. तेव्हापासून तू घरी आली नाहीस. फोन आई उचलेल म्हणून करत नसशील, आणि मी उचलेन म्हणूनही करत नसशील. तुझ्या खोलीची खिडकी मी रोज उघडतो आणि संध्याकाळी लावतो. पाचला नाही, अंधार पडल्यावर.

मंडळातही मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्यांनी मंडळाचं नाव बदललंय, काय ते लिहीत नाही. विश्वासूचे चेहरे तिनावरून अर्ध्यावर आलेत. बदाम दीडच्या दीडच आहेत, त्या बाईचं मला काही कळत नाही. असो. मी ऑर्कुट सोडलं. कानाला खडा. आता ओट्यावर बसतो, बूट घालून. लोक जातात, काहीजण जाताना मोठ्याने म्हणतात, "स्वीकारू नको!" मी मान खाली घालतो. ते बरोबरच आहे.

ताई, मला क्षमा मागता येत नाही. खात्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा छापील कागद असायचा, तो चिकटवून मोकळं व्हायचं. तुझी गैरसोय नाही झाली. एक गोष्ट तुझी होती, आयुष्यात पहिल्यांदा तुझी स्वतःची, ती कुणाला, केव्हा आणि कशी सांगायची हे तू ठरवलं होतंस, आणि मी ती चार यंत्रांच्या गॅरेजात वाटून टाकली. मला स्वतःची लाज वाटते. हे मी आजपर्यंत कुणाला लिहिलेलं नाही. कुणाला लिहायची वेळ आली नव्हती. मला तुझ्याकडून काही नको. हे पत्र फक्त एवढ्यासाठी.

तुझा भाऊ,
बेलार्मिनो

ता. क. वर मी ऑर्कुट सोडलं म्हणून लिहिलं, ते माझ्या नावाने सोडलं. गेल्या महिन्यात 'लुर्देस, भरतकाम' नावाची जी बाई तुझी मैत्रीण झाली आणि जिने तुला टोपलीतलं कुत्र्याचं पिल्लू पाठवलं, ती मी आहे. तू लुर्देसला लिहिलंस की तुझं बरं चाललंय, पण आईच्या हातची भेंडी आठवते. ते वाचून मी वांदेर्लेयाच्या दुकानात नाक शिंकरलं. लुर्देसला आता काढून टाक. तिची फसवणूक करायची इच्छा नव्हती. तुला फोटोत बघायचं होतं, तेवढंच. निळा झगा छान दिसतो.

ता. क. २. मला काही नको, हे खोटं आहे. आईचं सांगायचं राहिलं. त्या शनिवारीच संध्याकाळी फिलोमेनाबाई घरी आली. ओट्यावरूनच सुरू झाली, "अहो, तुमच्या झेनाइदेचं..." आईने शेंगा निवडता निवडता वर न बघता तिला थांबवलं. म्हणाली, "फिलोमेना, माझ्या लेकीने मला काही सांगितलेलं नाही. म्हणजे मला काही माहीत नाही. कॉफी संपलीय." ताई, आईने दारात आलेल्या माणसाला कॉफीशिवाय घालवलं! दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा अभिनंदन करायला आले, तर ती जपमाळ काढून मोठ्याने म्हणत बसली, त्यांनाही म्हणावी लागली. बेकरीवाली आली, रेडिओ लावला. रविवारी प्रार्थनेला जाणं बंद केलंय, लोक बोलतील म्हणून. पाच आठवडे ती कान मिटून बसली आहे. मी एकदा म्हणालो, "आई, तुला कळलंय ना सगळं?" तर चुलीला म्हणाली, "ह्याला सांग, माझ्या मुलीला मला काहीतरी सांगायचंय. ती येईपर्यंत मी ऐकणार नाही." नव्वदीची म्हातारी, सगळ्या गावाविरुद्ध. तुझी गोष्ट तिने ठेवली आहे तुझ्यासाठी, न उघडता. मी जे करायला हवं होतं ते ती करते आहे.

तेव्हा आठ तारखेला ये. जुवेन्सिओ यांना घेऊन ये. आई भेंडी करणार आहे, तिने ते चुलीला सांगितलंय, आणि दोन ताटं जास्त हेही सांगितलं. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दिवसभर चौकात बसेन, मला टोमण्यांची सवय झाली आहे.

ता. क. ३. हे लिहायचं नव्हतं. पण रजिस्टर पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं, आयुष्यात पहिल्यांदा. चष्मा घरी राहिला नव्हता. नाकावर होता. बोट घसरलं नाही. मी सगळं वाचलं, 'स्वीकारू नको' दोनदा वाचलं, आणि मग स्वीकारलं. तास संपायला अकरा मिनिटं होती, त्या अकरा मिनिटांत मी ते पुसू शकत होतो, पुसणारच होतो. मी नुसता बघत बसलो. गावात सगळ्यांच्या पानावर प्रशस्तिपत्रं होती, फिलोमेनाबाईच्या पानावर एक्केचाळीस. माझ्या पानावर एकही नव्हतं. मित्र एकशे चाळीस, आणि माझ्याबद्दल चांगली एक ओळ लिहावी असं एकालाही वाटलं नव्हतं. तुझ्या मजकुराचं पहिलं वाक्य मी वर मुद्दाम गाळलं. 'बेलार्मिनो, तुला सांगते, कारण साऱ्या जगात माझा विश्वास बसतो असा तू एकच माणूस आहेस.' ताई, ते वाक्य मला माझ्या नावाखाली लागलेलं बघायचं होतं. थोडा वेळ. कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं, खरं सांगायचं तर कुणीतरी बघावं असंच वाटत होतं. फिलोमेनाबाईने ते पहिलं वाक्य वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. सगळं वाचून झाल्यावर तिने ते परत वाचलं, तेव्हा हसले.

सोमवारी पुसताना तेही पुसलं गेलं. आता ते खरं नाही हे मला माहीत आहे, आणि तू आलीस तरी ते पुन्हा म्हणू नकोस, मी ऐकून घेणार नाही. पण लिहिलंस तेव्हा तुला ते खरंच वाटत होतं ना? तेवढं मला सांग.